पाठशाळेसाठी चतुर्णिकाय देवांचा तक्ता कसा तयार करावा

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झाले की निपाणी, सदलगा, बोरगाव, शेडबाळ, कागवाड या पट्ट्यातील अनेक बस्त्यांमध्ये, म्हणजे जैन मंदिरांमध्ये, तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाचा रोज एक अध्याय वाचला जातो आणि चौथ्या दिवशी, म्हणजे साधारणतः शुद्ध अष्टमीला, चौथा अध्याय येतो. दिगंबर पाठात ४२ सूत्रे असलेला हा अध्याय जवळजवळ संपूर्णपणे देवगतीविषयी आहे. पाठशाळेतील मुले ‘दशाष्टपञ्चद्वादशविकल्पाः’ हे सूत्र तालात म्हणतात आणि दहा, आठ, पाच, बारा हे देवांच्या चार समूहांतील भेदांचे आकडेही बरोबर सांगतात. परंतु असुरकुमार कोठे राहतात किंवा सूर्य वर की चंद्र वर, असे विचारले की वर्ग शांत होतो. यावर उपाय म्हणून भिंतीवर लावण्याजोगा तक्ता कसा काढावा, त्यात काय घ्यावे आणि काय मुद्दाम वगळावे, हे येथे सांगितले आहे. हा तक्ता दिगंबर परंपरेनुसार आहे. श्वेतांबर परंपरेच्या चित्रांत १२ देवलोक असतात आणि नऊ अनुदिशे (सोळा स्वर्गांच्याही वरची विमाने) नसतात. त्यामुळे मोबाइलवर मिळालेले चित्र पाहून तक्ता काढायचा असल्यास ते कोणत्या परंपरेचे आहे हे आधी तपासावे. दोन्हींची सरमिसळ झालेला तक्ता मुलांना दोन्ही परंपरांबाबत गोंधळात टाकतो.

तक्त्याचा पाया निवासस्थान हा असावा. भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक या चार निकायांतील (देवसमूहांतील) भेद मुलांना सर्वांत लवकर कळतो तो राहण्याच्या जागेवरून. आयुष्य, लेश्या (भावांचे रंगांवरून सांगितलेले प्रकार), इंद्रांची संख्या या गोष्टी त्या जागेला नंतर जोडता येतात. अनेक तक्त्यांत चार उभे रकाने आखून त्यांत नावे भरलेली असतात. असा तक्ता दिसायला सुबक असतो, पण त्यातून वर-खाली हे नातेच नाहीसे होते आणि ‘उपर्युपरि’ (एकावर एक) हे सूत्र समजावण्याची सोय राहत नाही.

दोन मोठ्या कार्डशीट घ्याव्यात. बाजारात मिळणारी सुमारे ७१ बाय ५६ सेंटिमीटरची शीट पुरते. दोन शीट घेण्याचे कारण प्रमाणाचे आहे. ऊर्ध्वलोक (मध्यलोकाच्या वरचा, स्वर्गांचा भाग) राजू या मापाने मोजतात आणि एका राजूत असंख्यात योजने येतात, तर ज्योतिष्क देवांचा सगळा पट्टा अवघ्या ११० योजनांचा आहे. या दोन गोष्टी एकाच प्रमाणात, एकाच कागदावर काढणे अशक्य आहे. राजूच्या प्रमाणात संपूर्ण ज्योतिर्लोक एका रेघेच्या जाडीतही मावणार नाही. जे तक्ते सर्व काही एकाच चित्रात कोंबतात ते मुलांच्या मनात सूर्य आणि सौधर्म स्वर्ग जवळजवळ शेजारी आहेत अशी समजूत निर्माण करतात.

पहिल्या शीटवर केवळ वैमानिक, म्हणजे स्वर्गांतील विमानांत राहणारे, देव काढावेत. शीट उभी धरून तळाशी सुमारे ६ सेंटिमीटर जागा सोडावी आणि तेथे एक आडवी रेघ मारावी. ती मध्यलोकाची रेघ. तेथून वर लोकाग्रापर्यंत (लोकाच्या टोकापर्यंत) ७ राजू होतात. एका राजूस ९ सेंटिमीटर धरल्यास ६३ सेंटिमीटर उंची लागते आणि शीर्षकासाठी वर थोडी जागा उरते. मेरूच्या चूलिकेच्या (शिखराच्या) वर केसाएवढ्या अंतरावर सौधर्म स्वर्गाचे पहिले विमान सुरू होते, म्हणून सौधर्म-ऐशानाची पट्टी थेट मध्यलोकाच्या रेघेपासून सुरू करावी. या पहिल्या युगलाची (जोडीची) उंची दीड राजू, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. सानत्कुमार-माहेंद्र या दुसऱ्या युगलाचीही तेवढीच. त्यापुढील ब्रह्म-ब्रह्मोत्तर, लांतव-कापिष्ठ, शुक्र-महाशुक्र, शतार-सहस्रार, आनत-प्राणत आणि आरण-अच्युत या सहा युगलांना प्रत्येकी अर्धा राजू, म्हणजे साडेचार सेंटिमीटर द्यावेत. येथपर्यंत ६ राजू पूर्ण होतात. उरलेल्या एका राजूच्या ९ सेंटिमीटरांत खालून वर नऊ ग्रैवेयके, नऊ अनुदिशे आणि पाच अनुत्तर विमाने येतात आणि त्यांच्याही वर सिद्धशिला (मुक्त जीवांचे स्थान) दाखवावी.

सोळा स्वर्ग म्हटले की मुले एकावर एक सोळा पायऱ्या काढू लागतात. तसे नाही, ही आठ मजली वास्तू असून दर मजल्यावर दोन घरे आहेत, असे सांगितले तर चित्र लगेच जुळते. दक्षिणेस सौधर्म, उत्तरेस ऐशान, या क्रमाने प्रत्येक पट्टीच्या मध्यभागी उभी रेघ मारून दोन नावे लिहावीत.

याच ठिकाणी तक्त्यातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. सूत्रात कल्पवासी, म्हणजे या सोळा स्वर्गांतील, देवांचे १२ भेद सांगितले आहेत आणि पट्ट्यांवर तर १६ नावे लिहिलेली आहेत. पाठशाळेत हुशार मुलगी हमखास हा प्रश्न विचारते आणि ‘पुढे समजेल’ असे म्हणून तो टाळला जातो. उत्तर सोपे आहे: हे बारा भेद इंद्रांच्या संख्येवरून आहेत. पहिल्या चार स्वर्गांना प्रत्येकी एक इंद्र, मधल्या चार युगलांत दोन स्वर्गांना मिळून एक इंद्र आणि शेवटच्या चार स्वर्गांना पुन्हा प्रत्येकी एक इंद्र, असे चार, चार आणि चार मिळून बारा होतात. तक्त्यावर हे दाखवण्यासाठी लाल टिकल्या चिकटवाव्यात. खालच्या दोन आणि वरच्या दोन युगलांत प्रत्येक घरात एक टिकली, तर मधल्या चार युगलांत उभ्या रेघेवरच एक टिकली लावावी. मुलांना टिकल्या मोजायला सांगितल्या की सूत्र आणि चित्र यांतील विसंगती आपोआप दूर होते.

अच्युत स्वर्गाच्या वर एकही टिकली लावू नये. तेथील देव कल्पातीत (कल्पांच्या पलीकडचे) असून प्रत्येक जण अहमिंद्र (स्वतःच आपला इंद्र) आहे. तेथे राजा नाही, सेवक नाही, सभा नाही. खालच्या कल्पांत मात्र इंद्र, सामानिक, त्रायस्त्रिंश, पारिषद, आत्मरक्ष, लोकपाल, अनीक, प्रकीर्णक, आभियोग्य आणि किल्विषिक अशी दहा पदांची व्यवस्था आहे. ही दहा नावे पट्टीच्या कडेला एका स्वतंत्र चौकटीत लिहावीत, कारण ती एखाद्या स्वर्गाची नसून व्यवस्थेची नावे आहेत. व्यंतर आणि ज्योतिष्क यांच्यात त्रायस्त्रिंश आणि लोकपाल ही दोन पदे नसतात, ही नोंद त्याच चौकटीत खाली असावी.

ही पदे कोरडी वाटू नयेत यासाठी पंचकल्याणकाचा, म्हणजे तीर्थंकरांच्या जीवनातील पाच मंगल प्रसंगांच्या सोहळ्याचा, आधार घ्यावा. आपल्या भागातील मुलांनी पंचकल्याणक महोत्सवातील सवाल (पात्रांसाठीच्या बोली) पाहिलेले असतात. सौधर्म इंद्र कोण झाले, कुबेर कोण झाले, याची गावात चर्चा होते. त्यामुळे सौधर्म इंद्र हा पहिल्या स्वर्गाचा इंद्र, कुबेर हा लोकपालांपैकी एक आणि जन्माभिषेकाच्या वेळी ऐरावताचे रूप घेणारा देव हा आभियोग्य (वाहन होणारा सेवक देव), असे सांगितले की तीन पदे तेथल्या तेथे पक्की होतात. दीक्षाकल्याणकात येणारे लौकांतिक देव ब्रह्मलोकाच्या अंतभागी राहतात. सारस्वत, आदित्य, वह्नि, अरुण, गर्दतोय, तुषित, अव्याबाध आणि अरिष्ट असे त्यांचे आठ प्रकार सूत्रात दिले आहेत. ते ब्रह्मचारी असतात आणि तीर्थंकरांच्या वैराग्याच्या प्रसंगीच येतात, म्हणून ब्रह्म-ब्रह्मोत्तराच्या पट्टीच्या काठावर आठ लहान ठिपके देऊन त्यांची जागा दाखवावी. पाचव्या स्वर्गात असूनही त्यांना वेगळे का काढले, हे मुले स्वतःच विचारतात.

पट्ट्यांचे रंग मनाला येतील तसे निवडू नयेत, कारण शास्त्रानेच रंग दिलेले आहेत. सौधर्म-ऐशानात पीत लेश्या आहे, सानत्कुमार-माहेंद्रात पीत आणि पद्म, ब्रह्मापासून कापिष्ठापर्यंत पद्म, शुक्रापासून सहस्रारापर्यंत पद्म आणि शुक्ल, तर आनतापासून पुढे शुक्ल. त्यानुसार पिवळा, कमळाचा गुलाबी आणि पांढरा असे तीन रंग वापरावेत आणि दोन लेश्या असलेल्या पट्ट्यांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळावेत. खालच्या तिन्ही निकायांत कृष्ण, नील, कापोत आणि पीत या चार लेश्या सांगितल्या आहेत, त्यामुळे दुसरी शीट आपोआपच गडद होते.

पट्टीच्या उजव्या कडेला उत्कृष्ट (कमाल) आयुष्य सागरोपम या अतिदीर्घ कालमापात लिहावे: पहिल्या युगलात दोनहून काहीसे अधिक, दुसऱ्यात सातहून काहीसे अधिक, पुढे चढत्या क्रमाने १०, १४, १६, १८, २० आणि २२. नऊ ग्रैवेयकांत २३ पासून ३१ पर्यंत एकेक वाढते, अनुदिशांत ३२ आणि अनुत्तरांत ३३. जघन्य (किमान) आयुष्याचा वेगळा रकाना करण्याचे कारण नाही, कारण खालच्या पट्टीतील उत्कृष्ट आयुष्य हेच वरच्या पट्टीतील जघन्य आयुष्य असते. अपवाद दोनच: सौधर्म-ऐशानात जघन्य आयुष्य एक पल्योपम (सागरोपमाहून लहान कालमाप) याहून काहीसे अधिक आहे आणि सर्वार्थसिद्धी या अनुत्तर विमानात जघन्य-उत्कृष्ट असा भेदच नसून सर्वांचे आयुष्य ३३ सागरोपम आहे. जितके सागरोपम आयुष्य तितक्या पंधरवड्यांनी एक श्वास आणि तितक्या हजार वर्षांनी एकदा मानसिक आहार, हा नियम सांगितला की मुलांना हिशेबाची गोडी लागते. सर्वार्थसिद्धीतील देवाचा एक श्वास साडेसोळा महिन्यांनी होतो, हे उत्तर तिसरी-चौथीतील मूलही बोटांवर मोजून काढते.

डाव्या कडेला शरीराची उंची लिहावी. पहिल्या युगलात ७ हात, दुसऱ्यात ६, ब्रह्मापासून कापिष्ठापर्यंत ५, शुक्रापासून सहस्रारापर्यंत ४, आनत-प्राणतात साडेतीन, आरण-अच्युतात ३. मग खालच्या ग्रैवेयकांत अडीच, मधल्यांत २, वरच्या ग्रैवेयकांत व अनुदिशांत दीड आणि अनुत्तरांत १ हात. उजवीकडे आयुष्य वाढत जाते आणि डावीकडे शरीर लहान होत जाते. वर जाताना स्थिती, प्रभाव, सुख, तेज, लेश्येची विशुद्धी आणि ज्ञानाची कक्षा वाढते, पण गमन, शरीर, परिग्रह आणि अभिमान कमी होतो, ही दोन सूत्रे या दोन कडांनी एकाच दृष्टिक्षेपात वाचता येतात. माझ्या मते संपूर्ण तक्त्यात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. वेळ कमी असेल तर बाकीची सजावट सोडून द्यावी, पण या दोन कडा सोडू नयेत.

दुसरी शीट खालच्या तीन निकायांची. तीत दोन वेगळी प्रमाणे घ्यावी लागतात आणि मध्ये नागमोडी रेघ मारून प्रमाण बदलल्याचे दाखवावे लागते. खाली रत्नप्रभा पृथ्वी काढावी. तिची एकूण जाडी १,८०,००० योजने असून तिचे तीन भाग आहेत: वर १६,००० योजनांचा खरभाग, मध्ये ८४,००० योजनांचा पंकबहुल भाग आणि तळाशी ८०,००० योजनांचा अब्बहुल भाग. एका सेंटिमीटरला ५,००० योजने धरल्यास हे भाग अनुक्रमे ३.२, १६.८ आणि १६ सेंटिमीटरांचे होतात. असुरकुमार आणि व्यंतरांपैकी राक्षस यांचे निवास पंकबहुल भागात आहेत. उरलेले नऊ भवनवासी, म्हणजे नाग, विद्युत, सुपर्ण, अग्नि, वात, स्तनित, उदधि, द्वीप आणि दिक्कुमार, तसेच किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, भूत आणि पिशाच हे सात व्यंतर खरभागात, वरची-खालची हजार-हजार योजने सोडून राहतात. खरभागाची पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरांची असल्याने ही सोळा नावे तीत मावत नाहीत. ती कडेला लिहून बाणांनी जोडावीत. अब्बहुल भागात पहिला नरक आहे, तेथे एकाही देवाचे घर दाखवू नये. व्यंतर मध्यलोकातील द्वीप, पर्वत इत्यादी ठिकाणीही राहतात, म्हणून त्यांचा रंग भूपृष्ठाच्या रेघेवरही थोडा पसरू द्यावा.

नागमोडी रेघेच्या वर ज्योतिष्कांचा पट्टा येतो. तो चित्रा पृथ्वीच्या, म्हणजे रत्नप्रभेच्या सर्वांत वरच्या थराच्या, पृष्ठभागापासून ७९० योजनांवर सुरू होतो आणि ९०० योजनांवर संपतो. एका सेंटिमीटरला ५ योजने धरून २२ सेंटिमीटरांची पट्टी आखावी आणि तळाशी तारे, २ सेंटिमीटरांवर सूर्य (८०० योजने), १८ वर चंद्र (८८०), त्याच्या वर नक्षत्रे (८८४), बुध (८८८), शुक्र (८९१), गुरू (८९४), मंगळ (८९७) आणि अगदी वरच्या कडेला शनी (९००) दाखवावा. सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये १६ सेंटिमीटर मोकळे राहतात आणि वरच्या चार सेंटिमीटरांत सात नावे दाटतात. ती एक डावीकडे, एक उजवीकडे अशी लिहावीत. ती मोकळी जागा चित्रे काढून भरण्याचा मोह टाळावा. चंद्र सूर्याच्या वर आहे हे शाळेतील भूगोलाशी जुळत नाही, असे मुले म्हणणारच. तेव्हा हा तक्ता आगमातील लोकरचना दाखवतो आणि शाळेच्या परीक्षेत शाळेच्या पुस्तकातील उत्तर लिहायचे, एवढे स्पष्टपणे सांगून पुढे जावे.

जंबूद्वीपात २ सूर्य व २ चंद्र, लवणसमुद्रात ४-४, धातकीखंडात १२-१२, कालोदधीत ४२-४२ आणि पुष्करार्धात ७२-७२, असे मनुष्यलोकात १३२ सूर्य आणि तितकेच चंद्र मेरूभोवती फिरतात. त्यापलीकडील ज्योतिष्क स्थिर आहेत. ही बेरीज शीटच्या कोपऱ्यात लिहिली तरी पुरे.

तक्त्यात बस्तीतील मूर्तींची चित्रे घ्यावीत का, असा प्रश्न येतो. मी घेऊ नयेत असे म्हणेन, पण मुलांना तक्ता घेऊन बस्तीत अवश्य न्यावे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती यासाठी उत्तम आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधलेल्या या बस्तीत नेमिनाथ मूलनायक (मुख्य मूर्ती) आहेत आणि सप्तफणी पार्श्वनाथांची मूर्ती व नवग्रहही आहेत. पार्श्वनाथांच्या मस्तकावरील फणा पाहून त्या धरणाऱ्या धरणेंद्राचा निकाय विचारावा. यक्ष-यक्षी अशी जोडनावे कानावर असल्याने मुले चटकन ‘व्यंतर’ म्हणतात. परंतु धरणेंद्र हा नागकुमारांचा इंद्र, म्हणजे भवनवासी आहे. शासनदेवतेला (तीर्थंकरांच्या रक्षक देवतेला) यक्ष म्हणणे आणि व्यंतरांच्या आठ भेदांतील यक्ष यांची गल्लत येथेच थांबवता येते. नवग्रहांपाशी दुसरी गल्लत दूर करावी: पूजेत सूर्य-चंद्र नऊ ग्रहांत मोजले जातात, तर सूत्रात सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र आणि तारे असे पाच वेगळे भेद असून एका चंद्राच्या परिवारात ८८ ग्रह आणि २८ नक्षत्रे सांगितली आहेत. निपाणीजवळच्या स्तवनिधीला दर्शनास जाणाऱ्या घरांतील मुले तेथील ब्रह्मदेवाविषयी विचारतात. हा क्षेत्रपाल आहे आणि नाव सारखे असले तरी ब्रह्म स्वर्गाच्या पट्टीशी त्याचा संबंध नाही, हे सांगून ठेवावे.

चिकोडी, रायबाग, अथणीकडील पाठशाळांत निम्मी मुले कन्नड माध्यमात शिकतात. नावे संस्कृतच असल्याने प्रत्येक नाव देवनागरीत लिहून त्याखाली कन्नड लिपीत लिहावे. लिहिण्याचे काम त्याच मुलांकडे सोपवावे, म्हणजे शब्द तपासलेही जातात.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो दोन बेरजांनी तपासून घ्यावा. पहिली शंभर इंद्रांची. भवनवासींच्या दहा भेदांत प्रत्येकी दोन इंद्र व दोन प्रतींद्र (उपइंद्र) मिळून ४०, व्यंतरांच्या आठ भेदांत त्याच रीतीने ३२, कल्पवासींचे बारा इंद्र व बारा प्रतींद्र मिळून २४, ज्योतिष्कांत चंद्र हा इंद्र आणि सूर्य हा प्रतींद्र असे २, मनुष्यांत चक्रवर्ती आणि तिर्यंचांत (पशुपक्ष्यांत) सिंह. पहिल्या शीटवरील टिकल्या बाराहून कमी-जास्त असतील तर ही बेरीज शंभर होत नाही आणि चूक कोठे आहे ते लगेच कळते.

दुसरी बेरीज अकृत्रिम, म्हणजे कोणी न बांधलेल्या शाश्वत, जिनालयांची आहे. भवनवासींची ७,७२,००,००० भवने, मध्यलोकातील ४५८ जिनालये आणि वैमानिकांची ८४,९७,०२३ विमाने. प्रत्येक भवनात आणि विमानात एक जिनालय धरून एकूण ८,५६,९७,४८१. विमानांची संख्या पट्टीनिहाय लिहिली तर मोठ्या मुलांना ती स्वतः मिळवून पाहता येते: ३२, २८, १२ आणि ८ लाख, ब्रह्मयुगलात ४ लाख, मग ५०,०००, ४०,००० आणि ६,०००, शेवटच्या चार स्वर्गांत मिळून ७००, ग्रैवेयकांच्या तीन गटांत १११, १०७ व ९१, अनुदिशांत ९ आणि अनुत्तरांत ५.

तोंडी परीक्षेसाठी जन्मकल्याणकातील चार नाद उपयोगी पडतात. तीर्थंकरांचा जन्म होताच कल्पवासींकडे घंटा, ज्योतिष्कांकडे सिंहनाद, व्यंतरांकडे भेरी आणि भवनवासींकडे शंख आपोआप निनादतात. लहान मुलांनी नाद काढायचा आणि मोठ्यांनी पट्टीवर बोट ठेवून त्या निकायाचे भेद सांगायचे, असा खेळ घेतला तर दोन्ही शीटचा सराव होतो. त्यानंतर समवसरणातील (तीर्थंकरांच्या उपदेशसभेतील) बारा कोठ्यांपैकी आठ कोठे चार निकायांच्या देव-देवींचे कसे, हे विचारावे. सर्वांत शेवटी विचारावे की इतके आयुष्य आणि वैभव असूनही देवांना मुनिदीक्षा का घेता येत नाही. देवगतीत चौथ्या गुणस्थानाच्या (आत्मविकासाच्या पायरीच्या) वर जाता येत नाही, तेथे व्रत नाही, आणि सर्वार्थसिद्धीतील देवालाही मोक्षासाठी एक मनुष्यभव घ्यावाच लागतो, हे उत्तर आल्यावर त्या मुलाकडून सर्वार्थसिद्धीपासून मध्यलोकाच्या रेघेपर्यंत पेन्सिलीने एक खाली येणारा बाण काढून घ्यावा.